फिल्म वाचण्याआधी

मिरजेच्या स्टेशनवर सकाळच्या गाड्या रिकाम्या होतात तेव्हा उतरणाऱ्या गर्दीत दवाखान्याकडे निघालेली माणसं लगेच ओळखू येतात. कुणी बेळगावच्या गाडीनं आलेलं असतं, कुणी पंढरपूरच्या. स्टँडवर जतहून, अथणीहून आलेल्या एसट्या उभ्या असतात आणि त्यांतूनही तशीच माणसं उतरतात. सोबत भाकरीचं गाठोडं, पाण्याची बाटली, आणि घरातल्या जाणत्या माणसाच्या काखेत तो मोठा चौकोनी लिफाफा. तो दुमडायचा नाही, भिजू द्यायचा नाही, हातातून खाली ठेवायचा नाही, हे कुणी न सांगताही सगळ्यांना ठाऊक असतं. आत एक्स-रेची फिल्म असते. कधी एक, कधी चार-पाच दवाखान्यांतून जमत गेलेल्या सात-आठ.

ही माणसं तो लिफाफा जिवापाड जपतात, पण आत नेमकं काय आहे हे त्यांना सहसा कुणी सांगितलेलं नसतं. डॉक्टर फिल्म उजेडासमोर धरतात, दोन क्षण पाहतात, पुन्हा लिफाफ्यात घालतात आणि गोळ्या लिहून देतात. प्रस्तुत पुस्तक त्या दोन क्षणांत काय घडतं ते सांगण्यासाठी लिहिलं आहे. ते डॉक्टरांसाठी नाही. लिफाफा घेऊन फिरणाऱ्यांसाठी, त्यांना दवाखान्यात घेऊन येणाऱ्या आशाताईंसाठी, गावातल्या शिक्षकांसाठी आणि उद्या रेडिओग्राफीचा डिप्लोमा करू पाहणाऱ्या मुला-मुलींसाठी आहे. सातारा-सांगलीकडे छातीच्या आजारांचे पेशंट तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून लेखकांनी ही प्रस्तावना माझ्याकडे सोपवली असावी.

मला इथे मुख्यतः एक गोष्ट सांगायची आहे. क्ष-किरण फिल्म स्वतःहून निदान करत नाही. तिला विचारलेल्या प्रश्नाचं ती उत्तर देते, आणि प्रश्न नीट विचारायचा तर आधी माणसाची हकीकत ऐकावी लागते. ती न ऐकता काढलेली फिल्म कितीही स्वच्छ आली तरी तिचा अर्थ लावताना भले भले चुकतात. आपल्या दोन जिल्ह्यांचा या तपासणीशी जो शंभर वर्षांचा संबंध आहे, त्यातून मला हेच पुन्हा पुन्हा दिसलं.

विल्यम वानलेस हा कॅनडात जन्मलेला डॉक्टर १८८९ मध्ये मिशनच्या कामासाठी हिंदुस्थानात आला आणि मिरजेत स्थिरावला. मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये उभं राहिलं. तेव्हा शरीर उघडल्याशिवाय आतलं हाड किंवा फुप्फुस पाहण्याची कुठलीही सोय जगात कुणाकडेच नव्हती. बोटांनी चाचपायचं, छातीवर ठोकून आवाज ऐकायचा, नळी लावायची आणि अनुभवानं अंदाज बांधायचा. पुढच्याच वर्षी, ८ नोव्हेंबर १८९५ला, जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये विल्हेल्म राँटगेन यांना काळ्या कागदानं झाकलेल्या नळीपासून काही अंतरावरचा पडदा अंधारात चमकताना दिसला. सहा आठवड्यांनी त्यांनी पत्नीच्या हाताची प्रतिमा काढली. बोटांची हाडं आणि त्यावर अंगठी. या शोधाचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालं, त्याची रक्कमही विद्यापीठाला देऊन टाकली. पेटंट नसल्यामुळे हे तंत्र काही महिन्यांतच जगभरच्या दवाखान्यांत पोचू लागलं, ही गोष्ट आपण कृतज्ञतेनं लक्षात ठेवावी अशी आहे.

आता फिल्म म्हणजे काय ते. नळीत एका टोकाला तापलेली तार असते. तिथून निघालेले इलेक्ट्रॉन हजारो व्होल्टच्या दाबानं समोरच्या टंगस्टनच्या चकतीवर आदळतात. त्या ऊर्जेचा जेमतेम शंभरावा भाग क्ष-किरण होऊन बाहेर पडतो, उरलेली सगळी उष्णता. म्हणून ती चकती फिरती ठेवतात आणि एकामागून एक फार फिल्म काढल्या की मशीनला थांबू द्यावं लागतं. किरण शरीरातून जाताना कुठे जास्त अडतात, कुठे कमी. हवा त्यांना जवळपास अडवतच नाही, तिथे फिल्म काळी पडते. चरबी थोडी अडवते. मांस, रक्त आणि पाणी त्याहून जास्त, आणि हे तिन्ही फिल्मवर सारख्याच करड्या रंगाचे दिसतात. हाडातलं कॅल्शियम आणखी अडवतं. धातू पूर्ण. एवढ्या पाच छटांवर सगळा कारभार चालतो. त्यातही समोरची फासळी, मागची फासळी, मधलं हृदय, पाठीचा मणका हे सगळं एकाच सपाट चित्रात एकावर एक येतं. कंदिलासमोर दोन्ही हात एकमेकांवर धरले तर भिंतीवर कुठलं बोट कोणत्या हाताचं ते कळत नाही, तसं. म्हणूनच संशय आला की एक फिल्म समोरून आणि एक बाजूनं काढतात.

छातीची फिल्म काढताना कधी बघा. टेक्निशियन माणसाला प्लेटकडे तोंड करून उभं करतो, हनुवटी वर ठेवायला लावतो, हात कमरेवर आणि कोपरं पुढे. कोपरं पुढे आली की पाठीची पाखं फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. नळी मागे जवळजवळ सहा फुटांवर असते, कारण ती जवळ आणली तर हृदय आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. मग काचेआडून आवाज येतो, “मोठा श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका.” एका क्षणात काम होतं. त्याआधीची तयारी मात्र घाईनं करून चालत नाही. गळ्यातलं मंगळसूत्र, ताईत, माळ, सदऱ्याची धातूची बटणं हे सगळं काढायला लावावं लागतं, कारण ते सगळं फिल्मवर उतरतं. सर्वांत फसवणारी असते ती वेणी. लांब घट्ट वेणी खांद्यावरून पुढे आलेली असली तर तिची सावली बरोबर फुप्फुसाच्या वरच्या टोकाशी पडते, आणि क्षयाचा डाग बहुधा तिथेच असतो. वेणी वर बांधून पुन्हा फिल्म काढली की “डाग” नाहीसा होतो. वेणी वर बांधायला सांगणारा टेक्निशियन एखाद्या बाईचे सहा महिन्यांचे विनाकारण उपचार वाचवतो. या पुस्तकात टेक्निशियनच्या कामाला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे, ते मला फार योग्य वाटतं.

श्वास पुरता न घेतल्यास काय होतं तेही पुस्तकात चित्रांसह आहे. अर्ध्या श्वासावर काढलेल्या फिल्ममध्ये फुप्फुसांचा खालचा भाग दाटलेला दिसतो, हृदय रुंद दिसतं आणि धडधाकट माणूस आजारी ठरू शकतो. म्हातारी माणसं, ऐकायला कमी येणारी माणसं, मराठी न समजणारे सीमेपलीकडचे पेशंट, यांना आधी एकदा श्वास धरून दाखवायला लावलं तर बरंच काही सुधारतं.

काढलेली फिल्म वाचायची कुणी आणि कशी, हा त्यापुढचा प्रश्न. फिल्म म्हणजे पुरावा आणि पुरावा सगळ्यांना सारखाच दिसणार, अशी आपली समजूत असते. अमेरिकेत १९४०च्या दशकात क्षयाच्या सामुदायिक तपासणीच्या निमित्तानं ती तपासून पाहिली गेली. त्याच फिल्म अनुभवी डॉक्टरांना वेगवेगळ्या वाचायला दिल्या. एकानं दोष आहे म्हणून बाजूला काढलेल्या फिल्मपैकी सुमारे एक तृतीयांशांबाबत दुसऱ्याचं मत वेगळं निघालं. काही काळानं त्याच डॉक्टरला त्याच फिल्म पुन्हा दिल्या तर साधारण पाचातल्या एकीबाबत त्याचं स्वतःचंच मत बदललं. हे सगळे तज्ज्ञ होते आणि काम मन लावून करत होते. पाच छटांच्या, एकावर एक आलेल्या सावल्या वाचणं मुळातच इतकं अवघड आहे. त्याला आधार लागतो तो पेशंटच्या हकिगतीचा.

आपल्याकडचीच दोन उदाहरणं देतो. विटा, खानापूर, आटपाडी भागातले हजारो लोक सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेले आहेत. पार केरळ-तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत त्यांची दुकानं आहेत. बंद खोलीत भट्टी, तेजाब आणि त्याचा धूर. असा एखादा माणूस चाळिशीत खोकला घेऊन गावी येतो, सोबत तिकडच्या शहरात काढलेली फिल्म. चिठ्ठीवर फक्त “खोकला, छातीचा एक्स-रे” एवढंच लिहिलेलं असेल, तर वाचणारा क्षय शोधत बसेल. “दहा वर्षं गलाईचं काम, तेजाबाच्या धुराचा संपर्क” एवढी एक ओळ जास्त असेल तर तीच फिल्म वेगळ्या नजरेनं पाहिली जाते, पुढची तपासणी वेगळी होते आणि त्याच्यासोबत काम करणाऱ्या भावांचीही चौकशी होते. ती एक ओळ लिहायला अर्धं मिनिट लागतं.

दुसरं उदाहरण गिरणी कामगारांचं. साताऱ्यातून, सांगलीतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं मुंबईच्या कापड गिरण्यांत गेली आणि १९८२च्या संपानंतर त्यातली पुष्कळशी गावाकडे परतली. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या दम्याला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण अशी की सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते आणि आठवडा पुढे जाईल तशी मोकळी होत जाते. पुढे पुढे मात्र ती आवळणूक कायमची होते. या आजारात छातीची फिल्म बहुधा साफ असते. जिना चढताना धाप लागणाऱ्या माणसाच्या हातात “नॉर्मल” लिहिलेला रिपोर्ट येतो आणि घरच्यांना वाटतं, याला काही झालेलं नाही. मला त्या कामगारांबद्दल आजही वाईट वाटतं. त्यांच्या आजाराचा पुरावा फिल्ममध्ये नव्हताच. तो त्यांच्या बोलण्यात होता, आणि कुठल्या दिवशी जास्त त्रास होतो हे विचारणारं कुणी भेटलं नाही तर तो हाती लागत नव्हता.

क्षयाची कथा मात्र आपल्या भागाची खास आहे आणि तिच्यावर मी थोडा रेंगाळणार आहे.

पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर. कोरडी थंड हवा, सिल्व्हर ओकची झाडं, खाली कृष्णेचं खोरं. औषध नसलेल्या काळात क्षयावर विश्रांती, दूध-अंडी आणि चांगली हवा हाच उपचार होता. मुंबईचे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये इथे बेल-एअर सॅनेटोरियम सुरू केलं. १९६४ मध्ये ते रेडक्रॉसकडे गेलं आणि आजही रुग्णालय म्हणून चालू आहे. इकडे सांगली आणि मिरजेच्या मध्ये डॉ. वानलेस यांच्या नावानं क्षयाचं सॅनेटोरियम उभं राहिलं आणि त्या वस्तीला वानलेसवाडी हेच नाव पडलं. १९२८ मध्ये ‘सर’ किताब मिळवून निवृत्त झालेले वानलेस १९३३ मध्ये वारले. एका जिल्ह्यात डोंगरावर आणि दुसऱ्यात मैदानावर, अशा या दोन जागांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या असंख्य घरांना निदान आशेला तरी जागा दिली.

त्या काळातल्या सॅनेटोरियममध्ये क्ष-किरण निदानापुरते नव्हते, ते उपचाराचाही भाग होते. आजारी फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून दोन फासळ्यांमधून सुई घालून छातीच्या पोकळीत हवा भरत आणि फुप्फुस मुद्दाम मिटवत. ही हवा हळूहळू शोषली जाते, म्हणून काही दिवसांनी पुन्हा भरायची, आणि असं दोन-तीन वर्षं चालायचं. प्रत्येक वेळी भरण्याच्या आधी-नंतर पेशंटला क्ष-किरणांच्या चमकत्या पडद्यामागे उभं करून फुप्फुस किती मिटलं ते डोळ्यांनी पाहायचं. पडदा इतका मंद उजळायचा की तो दिसण्यासाठी डॉक्टर आधी पंधरा-वीस मिनिटं लाल काचांचा चष्मा लावून डोळे अंधाराला सरावून घेत. मग अंधाऱ्या खोलीत, हिरवट उजेडात, समोरच्या माणसाची छाती श्वासागणिक हलताना दिसे. त्या पिढीच्या डॉक्टरांनी आणि पेशंटनी या उपचारावर मनापासून विश्वास ठेवला, आणि काहींना त्याचा उपयोगही झाला.

त्याची किंमत पुढे कळली. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियामधल्या सॅनेटोरियममध्ये अशा वारंवार पडद्यामागे उभ्या राहिलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं आढळलं. हा अभ्यास १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि नंतर इतर ठिकाणच्या नोंदींनीही त्याला दुजोरा दिला. क्ष-किरणांपासून जपून राहायचं म्हणजे काय, हे वैद्यकाला ज्या मोजक्या अनुभवांनी शिकवलं त्यांत क्षयाच्या त्या पेशंट बायकांचा वाटा मोठा आहे. आपल्याकडच्या सॅनेटोरियममधल्या बायकांची आठवण मला या संदर्भात नेहमी येते.

मग औषधं आली. मद्रासमध्ये १९५६ साली एक प्रयोग सुरू झाला. क्षयाच्या पेशंटचे दोन गट केले. एक गट सॅनेटोरियममध्ये ठेवला, दुसऱ्यानं घरीच राहून तीच औषधं घेतली. घर म्हणजे गर्दीच्या वस्तीतल्या लहान खोल्या, अपुरं खाणं. वर्षाअखेर दोन्ही गटांत बरे होणाऱ्यांचं प्रमाण जवळपास सारखं निघालं, आणि घरच्यांना लागण होण्याचं प्रमाणही घरी ठेवल्यानं वाढलं नाही. जगभरची सॅनेटोरियमं रिकामी होऊ लागली त्यामागे हा एक मोठा धक्का होता, आणि तो आपल्या देशातून बसला याचा मला अभिमान आहे.

फिल्मचं स्थानही त्याच सुमारास बदललं. १९५५ ते १९५८ मध्ये देशभर क्षयाचं सर्वेक्षण झालं ते लहान फिल्मच्या कॅमेऱ्यानं, गाडीत मशीन घालून गावोगाव फिरून. त्यानंतर बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेनं तुमकूर जिल्ह्यात एक साधा पण विचार करायला लावणारा अभ्यास केला. सर्वेक्षणात सापडलेल्या क्षयाच्या पेशंटना विचारलं, तुम्हाला त्रास होत होता का, आणि तुम्ही कुठे गेला होतात? बहुतेकांना त्रास जाणवत होता. निम्म्याहून अधिक जण सरकारी दवाखान्यात जाऊनही आले होते, आणि तिथून त्यांना खोकल्याचं औषध देऊन परत पाठवलं होतं. देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांचा हा अभ्यास १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून धोरण असं ठरलं की गाड्या फिरवण्यापेक्षा दवाखान्यात खोकत आलेल्या माणसाची थुंकी तपासा. थुंकीत जंतू दिसला तर शंका राहत नाही, फिल्मवरचा डाग मात्र जुना बरा झालेला क्षयही असू शकतो, न्यूमोनियाही असू शकतो, कधी वेणीही. ते धोरण माझ्या मते योग्य होतं. त्याचा एक तोटा झाला तो असा की सरकारी क्षय कार्यक्रमात फिल्म बरीच वर्षं मागे पडली.

ती पुन्हा पुढे आली आहे, आणि का ते समजून घ्यायला हवं. २०१९ ते २०२१ या काळात देशात क्षयाचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. त्यात असं दिसलं की छातीची फिल्म काढली नसती, फक्त खोकला-तापाची लक्षणं विचारली असती, तर सापडलेल्या पेशंटपैकी ४२.६ टक्के सुटले असते. इतक्या माणसांच्या छातीत आजार होता आणि त्यांना तो सांगण्याइतका जाणवत नव्हता. म्हणून आता हातात धरता येतील अशी छोटी मशीन गावात, ऊसतोडीच्या तळांवर, वृद्धाश्रमांत नेली जातात, फिल्म लॅपटॉपवर उमटते आणि संगणक तिच्यावर संशयाचा आकडा लिहितो. संगणकानं अशी छाननी करण्याला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये १५ वर्षांवरच्या व्यक्तींसाठी मान्यता दिली. या कामातली एक आघाडीची कंपनी मुंबईचीच आहे. फिल्मवर संशय आला तर थुंकीची जनुकीय तपासणी होते, आणि त्यासाठी वापरलं जाणारं ट्रूनॅट हे यंत्र गोव्यात वेर्ण्याला मुख्यालय असलेल्या कंपनीचं आहे. फिल्म चाळणी लावते, निर्णय थुंकी देते, ही विभागणी मला पटते. काळजी एवढीच वाटते की संगणकाचा आकडा हाच निकाल समजून औषध सुरू करण्याची घाई होऊ नये. संगणकालाही वेणी कळायला शिकवावं लागतं, आणि बरा झालेला क्षय आणि चालू क्षय यांतला फरक त्याला जुनी फिल्म दिल्याशिवाय कळणं कठीण आहे.

हाडांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर पुस्तकात भरपूर आहे. उसाचा सीझन सुरू झाला की आपल्याकडे हाडं मोडण्याचाही सीझन सुरू होतो. भरलेली बैलगाडी उलटते, ट्रॉलीवरून माणूस घसरतो, गुऱ्हाळाच्या चरकात हात जातो. गावचा हाडवैद्य आधी गाठला जातो आणि त्यांतल्या पुष्कळांच्या बोटांत खरोखर कसब असतं, ते मी पाहिलं आहे. धोका पट्टी घट्ट बांधण्यात असतो. बोटं निळी किंवा बधिर झाली तर पट्टी लगेच सोडून दवाखाना गाठला पाहिजे, आणि बांधण्यापूर्वी एक फिल्म काढून घेतली पाहिजे. दुसरं असं की पहिल्या दिवसाची साफ फिल्म म्हणजे हाड शाबूत असं नव्हे. मोटरसायकलवरून हातावर पडलेल्या तरुणाच्या मनगटात अंगठ्याच्या बुंध्याशी जे छोटं हाड असतं, त्याची चीर कधी कधी पहिल्या दिवशी दिसत नाही, दहा-चौदा दिवसांनी दिसते. तोवर प्लास्टर घालून पुन्हा फिल्म काढतात. पेशंटला वाटतं डॉक्टर पैसे काढतायत, तर त्याला हे आधी समजावून सांगितलं पाहिजे. हाडातल्या जंतुसंसर्गाचंही असंच आहे. ताप आणि ठणका आधी येतो, फिल्म आठवडा-दोन आठवडे मागे राहते.

आणि मणक्यातली गॅप. आपल्या दोन जिल्ह्यांत चाळिशीच्या पुढचा क्वचितच कुणी असेल ज्याला कधी ना कधी “मणक्यात गॅप आहे” असं सांगितलं गेलं नाही. वयानुसार मणक्यांतल्या चकत्या झिजतात, कडांना टोकं येतात, आणि हे बदल कंबर न दुखणाऱ्यांच्या फिल्ममध्येही सर्रास दिसतात. त्यामुळे दुखणं त्याच गॅपचं आहे हे फिल्मवरून ठरत नाही. पण ते वाक्य ऐकलेली बाई पुढे घागर उचलायला, भांगलणीला जायला घाबरते, स्वतःला कायमची आजारी समजू लागते, आणि स्नायू आणखी कमजोर होतात. साध्या कंबरदुखीला, पायात बधिरपणा नसेल, ताप नसेल, वजन घटत नसेल, लघवीवरचा ताबा गेला नसेल, तर सुरुवातीला फिल्मची गरज नसते. कमरेच्या फिल्मला छातीच्या फिल्मच्या कित्येक पट किरण लागतात, हेही ध्यानात ठेवावं.

किरणांच्या भीतीबद्दल दोन टोकं मी पाहतो. काही जण एका फिल्मलाही घाबरतात, काही जण दर महिन्याला स्वतःहून सीटी स्कॅन मागतात. आकडे असे आहेत. निसर्गातून, म्हणजे माती, आकाश, हवा यांतून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सार मिळतच असतो. छातीच्या एका फिल्मनं ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट मिळतो, म्हणजे काही दिवसांत निसर्गातून मिळेल तेवढा. छातीच्या सीटी स्कॅननं मात्र साधारण ६-७. फिल्म गरजेची असेल तर घाबरू नये, आणि स्कॅन गरजेचा नसेल तर मागू नये. पाळी चुकली असेल तर टेक्निशियनला आधी सांगावं. गरोदर बाईला छातीची फिल्म खरोखर हवी असेल तर ती टाळायचं कारण नाही, कारण पोटापर्यंत पोचणारे किरण अगदीच थोडे असतात. लहान मुलाला धरून उभं राहायचं असेल तर शिशाचा एप्रन मागून घ्यावा, आणि दरवेळी तोच कर्मचारी मुलांना धरत असेल तर ते चूक आहे. एक्स-रे मशीनवर देखरेख ठेवणारं अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून मुंबईत आहे आणि त्याच्या परवानगीशिवाय मशीन चालवता येत नाही. टेक्निशियनच्या खिशाला जो बॅज दिसतो त्यात त्याला मिळालेल्या किरणांची नोंद होते. तो बॅज खोलीत खुंटीला अडकवून ठेवलेला दिसला तर टेक्निशियनला आवर्जून सांगा, की ती त्याच्याच जिवाची वही आहे.

शरीराच्या आत पाहण्याच्या साधनांबद्दल सातारा-सांगलीच्या संदर्भात लिहायचं आणि सोनोग्राफीचा उल्लेख टाळायचा, हे मला जमणार नाही. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, आवाजाच्या लहरी असतात, आणि ती गर्भाला अपाय करत नाही. गर्भाला अपाय माणसांनी केला. महाराष्ट्रानं १९८८ मध्ये, देशाच्या आधी, गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, १९९४ मध्ये देशाचा कायदा आला. तरीही २०१७ मध्ये मिरजेजवळच्या म्हैसाळमध्ये पुरलेले भ्रूण सापडले आणि सगळा जिल्हा हादरला. साताऱ्यातून वर्षा देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेक लाडकी अभियानाद्वारे कित्येक वर्षं गरोदर बायकांना सोबत घेऊन गुन्हेगार डॉक्टरांना रंगेहाथ पकडलं, त्यासाठी धमक्या सोसल्या. रेडिओलॉजी शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानं हे प्रकरण आपल्या विषयाच्या इतिहासाचा भाग म्हणून वाचावं, असं मी आग्रहानं म्हणतो.

शेवटी तो लिफाफा. वर मी जुन्या फिल्मचा उल्लेख केला, तो मुद्दाम. फुप्फुसातला एखादा डाग चार वर्षांपूर्वीच्या फिल्ममध्येही तसाच असेल तर तो बहुधा निरुपद्रवी असतो. तो नवा असेल तर तातडीनं तपासावा लागतो. एकट्या आजच्या फिल्मवरून हा फरक मोठ्यातल्या मोठ्या तज्ज्ञालाही सांगता येत नाही. तरी घर आवरताना जुन्या फिल्म भंगारात जातात, कारण फिल्ममध्ये चांदी असते आणि तिला भाव मिळतो. आता डिजिटल मशीन आली, फिल्मऐवजी कागदावर छापलेलं चित्र किंवा मोबाईलवर फोटो मिळतो. मोबाईलवरच्या फोटोत बारीक छटा पुसल्या जातात, क्षयाचा सुरुवातीचा डाग त्यात हमखास हरवतो. त्यामुळे दवाखान्याकडून मूळ डिजिटल फाईल मागून घ्यावी, ती पेनड्राइव्हवर किंवा घरातल्या शिकलेल्या मुलाच्या ई-मेलवर ठेवावी, आणि फिल्म मिळाली असेल तर तिच्या लिफाफ्यावर तारीख, दवाखान्याचं नाव, त्या वेळी काय त्रास होता आणि आपण तेव्हा काय काम करत होतो हे चार शब्दांत लिहून ठेवावं. फिल्म उन्हात, देवळीत किंवा चुलीजवळ ठेवू नये, सपाट ठेवावी. प्लास्टिकला प्लास्टिक चिकटू नये म्हणून दोन फिल्मच्या मध्ये कागद घालावा. या सगळ्याचे नमुने पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात दिले आहेत, आणि लिफाफ्यावर डकवता येईल अशी कोऱ्या रकान्यांची एक चिठ्ठीही आहे. ती झेरॉक्स करून वापरायला लेखकांनी सर्वांना मोकळीक दिली आहे.